इंग्रजीत सासरची नाती कशी सांगायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात लग्न ठरलं, कुणाचा व्हिसा निघाला, नाहीतर परदेशातल्या कलीगला लग्नाचे फोटो दाखवायची वेळ आली की हेच प्रश्न फिरून फिरून येतात. म्हणून सगळे एकदाच लिहून टाकतेय. क्रम काही लावलेला नाही, हवा तो प्रश्न उघडा.

इंग्रजीत सासरच्या माणसांसाठी एकूण शब्द किती?

रोजच्या वापरातले सहाच. फादर-इन-लॉ, मदर-इन-लॉ, ब्रदर-इन-लॉ, सिस्टर-इन-लॉ, सन-इन-लॉ, डॉटर-इन-लॉ. सगळ्यांना मिळून इन-लॉज. संपलं.

ब्रदर-इन-लॉ म्हणजे दीर, मेहुणा की दाजी?

तिघंही. नवऱ्याचा भाऊ, बायकोचा भाऊ, बहिणीचा नवरा, सगळे ब्रदर-इन-लॉ. काही डिक्शनऱ्या तर पुढे जाऊन नवऱ्याच्या किंवा बायकोच्या बहिणीच्या नवऱ्यालाही त्यातच बसवतात, म्हणजे साडू आला आणि नणंदेचा नवराही आला. थोरला-धाकटा हा फरक तर नाहीच. सिस्टर-इन-लॉचं पण तेच, नणंद, जाऊ, वहिनी, मेहुणी सगळ्या एका पाटावर, आणि जिला आपल्याकडे अकडसासू म्हणून थोडं दबकून वागवतात ती बायकोची थोरली बहीण पण तिथंच.

आता यावर लोक म्हणतात की अरे मग कळणार कसं. तर कळत नाही, आणि इंग्रजी बोलणाऱ्याला बहुतेक वेळा कळायची गरजही वाटत नाही. जिथं गरज असते तिथं तो सरळ माय हजबंड्स ब्रदर म्हणतो, माय सिस्टर्स हजबंड म्हणतो. हीच सवय आपणही लावून घ्यायची. शब्दाला शब्द शोधत बसू नका, नात्याचा रस्ता सांगा, म्हणजे कुणाचा कोण ते. "माय हजबंड्स एल्डर ब्रदर" यात थोरला दीर पूर्ण आला, काहीच सांडलं नाही.

जावेला को-सिस्टर म्हटलं तर चालेल का?

हैदराबाद, बंगलोर, चेन्नईकडच्या माणसाशी बोलताना बिनधास्त म्हणा. को-सिस्टर आणि को-ब्रदर हे भारतातल्या, त्यातही दक्षिणेकडच्या इंग्रजीतले शब्द आहेत आणि मला स्वतःला ते फार हुशारीचे वाटतात, कारण एकाच घरात लग्न करून आलेल्या दोघी हे नातं त्यात नेमकं पकडलंय. पण लंडनमध्ये किंवा न्यू जर्सीत गोऱ्या माणसासमोर को-सिस्टर म्हणालात तर त्याला वाटेल ही कुठल्यातरी कॉन्व्हेंटमधल्या ननबद्दल बोलतेय. तिथं माय सिस्टर-इन-लॉ म्हणायचं आणि लगेच जोडायचं, शी इज मॅरिड टू माय हजबंड्स ब्रदर.

कझिन-ब्रदर, कझिन-सिस्टरचं पण असंच आहे. आपल्याला चुलत-मावस सांगूनही भाऊपण सोडवत नाही म्हणून आपण ते जोडतो. बाहेर नुसतं कझिन पुरतं.

आणि साडू?

को-ब्रदर म्हणजे मुख्यतः साडूच. बाहेरच्यांना माय वाइफ्स सिस्टर्स हजबंड. लांब वाटतं पण तेच बरोबर आहे. स्पॅनिशमध्ये मात्र साडूसाठी वेगळा शब्द आहे, कोनकुन्यादो, त्यामुळे मेक्सिकन कलीग असेल तर त्याला साडू पटकन समजतो, इंग्रजाला नाही.

व्याही-विहिणीला इंग्रजीत काहीच कसं नाही?

नाहीये खरं. सगळ्यात जास्त अडचण इथंच होते, कारण मुलीकडे अमेरिकेत गेलेले आईवडील तिथल्या शेजाऱ्यांना विहीणबाईंची ओळख करून देतात तेव्हा काहीतरी म्हणायला तर लागतंच, मग "शी इज माय डॉटर्स मदर-इन-लॉ" असं सगळं बोलावं लागतं, किंवा पाहुण्या जोडीने आल्या असतील तर "माय सन-इन-लॉज पेरेंट्स". मानववंशशास्त्राच्या पुस्तकांत को-पेरेंट्स-इन-लॉ असलं काहीतरी सापडतं पण ते जेवणाच्या टेबलावर बोलायचं नसतं.

गंमत म्हणजे हे रिकामेपण सगळ्या युरोपात नाही. स्पॅनिशमध्ये कोन्सुएग्रो आणि कोन्सुएग्रा म्हणजे थेट व्याही आणि विहीण. यिडिशमध्ये, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, व्याह्याला मखुतन आणि दोन्हीकडच्या मंडळींना मिळून मखुतोनिम म्हणतात, मूळ शब्द हिब्रूतला, आणि अमेरिकेतली ज्यू माणसं इंग्रजी बोलताना तो तसाच वापरतात. म्हणजे ज्यांच्याकडे लग्न दोन घरांचं असतं त्यांनी शब्द सांभाळला असं माझं मत. त्यामुळे आपण पण माय व्याही म्हणावं आणि एकदा समजावून सांगावं, त्यांनी मखुतोनिम चालवलं तर आपलं व्याही का चालू नये.

इन-लॉ मधला लॉ कुठला? कोर्टाचा?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून जरा लांब उत्तर.

कोर्टाचा नाही, चर्चचा. मध्ययुगात युरोपात लग्नाचे नियम चर्च ठरवायचं आणि त्यात कुणाचं कुणाशी लग्न होऊ शकत नाही याची मोठी यादी असायची. रक्ताची नाती तर होतीच पण लग्नानं जोडलेली नाती पण त्यात धरलेली, कारण नवरा-बायको एक देह झाले असं मानलं की बायकोची बहीण ही आपलीच बहीण होते. म्हणजे ती रक्तानं बहीण नाही पण चर्चच्या कायद्याच्या नजरेत बहीण आहे. म्हणून सिस्टर-इन-लॉ. म्हणजे आपण ज्याला सासरचं प्रेमाचं नातं समजतो तो शब्द मुळात "हिच्याशी लग्न करायचं नाही बरं का" अशी पाटी आहे.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे इंग्लंडचा राजा आठवा हेन्री. त्याचा थोरला भाऊ आर्थर १५०२ मध्ये वारला आणि हेन्रीचं लग्न आर्थरच्या विधवेशी, कॅथरीन ऑफ अॅरागॉनशी ठरलं. ती त्याची भावजय, म्हणजे चर्चच्या हिशोबात बहीण, म्हणून पोपकडून खास परवानगी आणावी लागली आणि मग १५०९ मध्ये लग्न झालं. पुढे त्याला दुसरं लग्न करायचं होतं तेव्हा यानं हेच कारण उलटं फिरवलं, की भावाच्या बायकोशी लग्न मुळातच चुकीचं होतं, पोपला परवानगी द्यायचा अधिकारच नव्हता. पोप ऐकेना, १५३३ मध्ये ते लग्न रद्द ठरवून घेतलं आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडचं चर्च रोमपासून वेगळं झालं. अर्थात राजकारण, वारस, पैसा सगळं त्यात होतं, पण कागदावरचा मुद्दा दीर-भावजयीचा होता.

नंतर १५६३ मध्ये आर्चबिशप पार्करने मनाई असलेल्या नात्यांचा तक्ता काढला. पुरुषासाठी ३० नाती आणि बाईसाठी ३०. पुरुषाच्या यादीत पहिलंच नाव आजीचं आहे, आता आजीशी लग्न कोण करायला निघालं होतं देव जाणे. हा तक्ता चर्चमध्ये भिंतीवर लावलेला असायचा आणि प्रार्थनेच्या पुस्तकाच्या शेवटी छापलेला असायचा.

मग तिकडे मेहुणीशी लग्न करता यायचं नाही?

बराच काळ नाही. बायको वारल्यावर तिच्या बहिणीशी लग्न करायला इंग्लंडमध्ये १९०७ साली कायद्यानं परवानगी मिळाली, तीही पार्लमेंटमध्ये कित्येक दशकं भांडून. भावाच्या विधवेशी लग्न करायला त्यानंतर १९२१ उजाडलं. सासरा आणि सून किंवा सासू आणि जावई यांच्या लग्नावरचे उरलेसुरले निर्बंध तर २००७ मध्ये गेले, तेही युरोपियन मानवी हक्क कोर्टात एक सासरा-सून गेले आणि जिंकले म्हणून. ऐकायला कसंतरी वाटतं पण दोघांचेही घटस्फोट झालेले होते.

आपल्याकडे उलटंपालटं आहे. मेहुणीशी लग्नाला आपल्याकडे कधी एवढा विरोध नव्हता, धाकटी बहीण दिली असं जुन्या घरांमध्ये सर्रास ऐकू येतं. पण १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात भावाची बायको निषिद्ध नात्यांत आहे, म्हणजे भाऊ वारल्यानंतर किंवा घटस्फोटानंतरसुद्धा, रूढी असेल तरच सूट. थोडक्यात इंग्लंड ज्या दीर-भावजयीवरून भांडलं ती जोडी आपल्या कायद्यात अजून यादीत आहे.

इंग्रजी पहिल्यापासूनच अशी गरीब होती का?

अजिबात नाही! हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत सासऱ्याला स्वेओर होता, सासूला स्वेगर, सुनेला स्नोरू, जावयाला आथुम आणि नवऱ्याच्या भावाला चक्क वेगळा शब्द, ताकोर. आता जरा कान देऊन ऐका. स्वेओर आणि संस्कृत श्वशुर, स्वेगर आणि श्वश्रू, स्नोरू आणि स्नुषा. एकाच घराण्यातले शब्द आहेत, आणि आपला सासरा, सासू, सून त्याच श्वशुर, श्वश्रू, स्नुषा वरून आलेत. ताकोर आणि देवृ यांच्यात पहिल्या ऐकण्यात काही साम्य वाटत नाही, पण भाषाशास्त्रवाले तेही एकाच मुळाचे धरतात, आणि देवृ वरून आपला दीर.

आपल्या लग्नात गुरुजी जो मंत्र म्हणतात ना, "सम्राज्ञी श्वशुरे भव, सम्राज्ञी श्वश्र्वां भव", ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातला, त्यात पुढे नणंद आणि दीर पण आहेत, ननान्दरि आणि देवृषु. नव्या नवरीला सासरा, सासू, नणंद, दीर या सगळ्यांवर राज्य कर असं सांगितलंय. (प्रत्यक्षात कोण कोणावर राज्य करतं हा विषय वेगळा.) यातल्या नणंदेला सोडलं तर बाकी तिघांचे चुलतभाऊ शब्द इंग्रजीत एकेकाळी नांदत होते. पुढे इन-लॉची जोडणी आली आणि हे सगळे शब्द हळूहळू गेले. जर्मनने मात्र थोडं राखलं, सासूला ते अजून श्वीगरमुटर म्हणतात.

स्कॉटलंडमध्ये आणखी एक मजा होती, तिथं सासूला गुड-मदर आणि मेहुण्याला गुड-ब्रदर म्हणायचे. हे राहायला हवं होतं.

जुन्या इंग्रजी गोष्टींमध्ये सावत्र आईला मदर-इन-लॉ म्हटलंय, छपाईची चूक आहे का?

चूक नाही. १९व्या शतकापर्यंत सावत्र आईला आणि सावत्र बापालाही इन-लॉ लावायची पद्धत होती, कारण वडिलांच्या लग्नानं मिळालेली आई म्हणजे कायद्यानं आई. फ्रेंचमध्ये तर अजून सासू आणि सावत्र आई दोघींना एकच शब्द, बेल-मेर. आज इंग्रजीत सावत्रला फक्त स्टेप लावायचं, हे दोन्ही मिसळू नका, फॉर्मवर तर नाहीच.

दोन सासवा असतील तर मदर-इन-लॉज की मदर्स-इन-लॉ?

मदर्स-इन-लॉ, ब्रदर्स-इन-लॉ, सिस्टर्स-इन-लॉ. स पहिल्या शब्दाला. पण सासूचं घर म्हणताना स शेवटी येतो, माय मदर-इन-लॉज हाऊस. सगळ्यांना मिळून इन-लॉज म्हणताना पण शेवटी. बोलताना गोरी माणसंसुद्धा गोंधळतात, त्यामुळे बोलण्यात टेन्शन नको, लिहिताना बघा.

एसआयएल म्हणजे सिस्टर-इन-लॉ की सन-इन-लॉ?

चॅटवर बहुतेक वेळा सिस्टर-इन-लॉ, पण साठीच्या पुढच्या बायका लिहीत असतील तर जावई असू शकतो. पुढे ही आलंय का शी ते बघायचं. एमआयएल सासू, एफआयएल सासरा, बीआयएल ब्रदर-इन-लॉ, डीआयएल सून.

मामी आणि काकू या आंटी, मग आत्या आणि मावशी पण आंटीच?

हो. मामी-काकू लग्नाने आलेल्या आणि आत्या-मावशी रक्ताच्या, हा भेद इंग्रजी करत नाही. हवाच असेल तर आंट बाय मॅरेज म्हणता येतं. मात्र मामीला आंट-इन-लॉ म्हणू नका, आंट-इन-लॉ कुणी वापरलाच तर तो नवऱ्याच्या किंवा बायकोच्या आत्या-मावशीसाठी, म्हणजे आपली आतेसासू, मावससासू.

आजेसासू, चुलतसासरे, भाचेसून, नातजावई?

आजेसासूला ग्रँडमदर-इन-लॉ आणि नातजावयाला ग्रँडसन-इन-लॉ बरोबर आहे आणि समजतंही, पण लोक माय हजबंड्स ग्रँडमदर, माय ग्रँडडॉटर्स हजबंड असंच म्हणतात. चुलतसासरे म्हणजे माय हजबंड्स अंकल, भाचेसून म्हणजे माय नेफ्यूज वाइफ. एवढंच.

आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न झालंय, सासरा हाच मामा आहे, तर इंग्रजीत काय सांगायचं?

महाराष्ट्रात बऱ्याच समाजांत मामाची मुलगी करायची पद्धत आहे, आणि कायद्यात आत्ते-मामे भावंडं निषिद्ध असली तरी रूढीची सूट त्यांना लागू होते. इरावती कर्वेंनी यावर पुष्कळ लिहिलंय. आपल्या भाषेत तर हे ठसलेलंच आहे, सून सासऱ्याला मामंजी म्हणते आणि सासूला आत्याबाई, मग ती खरोखर मामा-आत्या असोत की नसोत.

इंग्रजीत दोन्ही सांगायची गरज नसते. कागदावर लग्नानंतरचं जे नातं विचारलंय ते लिहा, फादर-इन-लॉ. गप्पांमध्ये "ही इज ऑल्सो माय मदर्स ब्रदर" म्हणालात तर समोरचा दोन सेकंद गप्प होईल, त्यांच्याकडे अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांमध्ये फर्स्ट कझिनशी लग्न चालत नाही. ब्रिटनमध्ये मात्र कायद्यानं चालतं. कुठं सांगायचं ते तुम्ही ठरवा.

सासू-सासऱ्यांना हाक कशी मारायची?

नवरा किंवा बायको परदेशी असेल तर त्यांनाच विचारा, हा एकमेव सुरक्षित मार्ग. ब्रिटन-अमेरिकेत बहुतेक घरांमध्ये सरळ नावानं हाक मारतात, काही घरांत मॉम-डॅड. मदर-इन-लॉ हा ओळख करून द्यायचा शब्द आहे, हाक मारायचा नाही, "हॅलो मदर-इन-लॉ" म्हणू नका प्लीज. आपल्या मुलींना सासूला मार्गारेट म्हणायला जीभ रेटत नाही हे मान्य, पण ती मार्गारेटच म्हण म्हणाली असेल तर आंटी म्हटल्यानं तिला परकं वाटतं. आणि उलट बाजूनं, गोरी सून आली आणि तिनं भावोजींना, वन्सांना नावानं हाक मारली तर राग धरू नका, ती अपमान करत नाहीये.

फॉर्म भरताना रिलेशनशिपमध्ये काय लिहू?

सहा शब्दांपैकी जो बसतो तो. जागा असेल तर पुढे रस्ता लिहा, जसं सिस्टर-इन-लॉ, हजबंड्स सिस्टर. को-सिस्टर, कझिन-ब्रदर फॉर्मवर नको.

पण खरी अडचण शब्दाची नसते, कुठला कायदा कुणाला नातेवाईक धरतो याची असते. अमेरिकेचा नागरिक स्वतःच्या आईवडिलांसाठी आणि भावंडांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करू शकतो पण सासू-सासऱ्यांसाठी नाही, त्यांच्यासाठी त्यांच्याच मुलाने किंवा मुलीने नागरिक होऊन अर्ज करायचा. जावई सिटिझन झाला म्हणून सासूबाईंची फाइल लावता येत नाही, यावरून घरात रुसवेफुगवे झालेले मी पाहिलेत.

आपला इनकम टॅक्स कायदा मात्र याबाबतीत अगदी मराठी घरासारखा वागतो. भेट म्हणून मिळालेल्या पैशावर टॅक्स नको असेल तर देणारा नातेवाईक हवा, आणि त्या व्याख्येत नवरा-बायकोची भावंडं, त्यांचे आईवडील-आजीआजोबा आणि या सगळ्यांचे जोडीदार येतात. म्हणजे सासरे, दीर, नणंद, मेहुणा झालेच, जाऊ पण येते आणि साडू पण येतो. ज्या जावेला आणि साडूला इंग्रजीत नाव नाही त्यांना भारतीय कायद्यानं इंग्रजीतच रस्ता सांगून आत घेतलं. व्याही मात्र बाहेर राहिले! त्यांनी एरवी पैसे दिले आणि वर्षभरात असे बाहेरच्यांकडून मिळालेले पैसे ५० हजारांच्या वर गेले तर सगळ्या रकमेवर टॅक्स लागू शकतो. स्वतःच्या लग्नात मिळालेला आहेर कुणाचाही असो, त्यावर टॅक्स नाही. चुलत-मामे भावंडं पण या यादीत नाहीत. मोठी रक्कम असेल तर सीएला विचारूनच घ्या.

माहेर आणि सासर कसं सांगायचं?

माहेर म्हणजे माय पेरेंट्स प्लेस, सासर म्हणजे माय इन-लॉज प्लेस. "माहेरपणाला आलेय" हे मात्र "आय अॅम व्हिजिटिंग माय पेरेंट्स" वर भागवावं लागतं, त्यात आईच्या हातचं आयतं खाणं आणि दुपारी बारापर्यंत लोळणं येत नाही. ज्याला सांगायचंय त्याला ते वेगळं सांगा.

घटस्फोट झाला किंवा नवरा वारला तर सासूला काय म्हणायचं?

घटस्फोटानंतर एक्स-मदर-इन-लॉ किंवा फॉर्मर मदर-इन-लॉ. नवरा वारला असेल तर नातं तसंच राहतं, मदर-इन-लॉच, हवं तर माय लेट हजबंड्स मदर. लेट हा शब्द जो वारला त्याच्या आधी येतो हे बघा, माय हजबंड्स लेट मदर म्हटलं तर सासूबाई गेल्या असा अर्थ होतो.

अजून लग्न व्हायचंय, तर होणाऱ्या सासूला?

फ्यूचर मदर-इन-लॉ, किंवा मदर-इन-लॉ-टू-बी. वुड-बी असं नुसतं म्हणणं आपल्याकडेच चालतं, तिकडे वुड-बीचा अर्थ व्हायची हौस आहे पण जमत नाही असा काहीसा होतो, तेव्हा माय वुड-बी म्हणून नवऱ्याची ओळख करून देऊ नका, फियान्से म्हणा.

नर्सरीत मदर-इन-लॉज टंग नावाचं झाड दिसलं, ते काय?

स्नेक प्लांट. लांब, टोकदार, ताठ पानांचं. पाण्याशिवायही आठवडेच्या आठवडे टिकतं. पूर्वी शास्त्रीय नाव सॅन्सेव्हिएरिया होतं, आता ते ड्रेसीना गटात घातलंय. काटेरी गोल कॅक्टसच्या एका जातीला तर मदर-इन-लॉज कुशन म्हणतात. सासूबाईंना वाढदिवसाला देणार असाल तर लेबल काढून द्या.